घरच्या पडवीत लाकूडकामाचे नवे यंत्र

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले की उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत लागते. येथील ओतकामाच्या कारखान्यांत बिडाचे भाग तयार होतात, हे या परिसरातील बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्या प्रत्येक भागाचा जन्म आधी लाकडात होतो, याची जाणीव फारच थोड्यांना असते. वितळलेले बीड ज्या वाळूच्या साच्यात ओततात, तो साचा उठविण्यासाठी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. त्याला कारखान्यातील लोक ‘पॅटर्न’ म्हणतात. बीड थंड होताना सुमारे शेकडा एक इतके आकसते. म्हणून शंभर मिलिमीटरचा भाग हवा असेल, तर नमुना एकशे एक मिलिमीटरचा करावा लागतो. हा हिशेब मनात ठेवून पटाशीने लाकूड घडविणारा पॅटर्नचा कारागीर हा ओतकामाचा खरा आधार होय.

आज हेच काम संगणकाच्या आज्ञेनुसार चालणाऱ्या यंत्रावर होऊ लागले आहे. अशी यंत्रे पूर्वी मोठ्या कारखान्यांतच दिसत. आता मात्र घरच्या पडवीत, एका साध्या टेबलावर मावेल एवढे लहान यंत्रही बाजारात मिळते. त्याला ‘सीएनसी राऊटर’ असे नाव आहे. हे यंत्र काय करते, काय करू शकत नाही आणि कर्ज काढून ते घेण्यापूर्वी कोणता विचार करावा, याची माहिती सुतार, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी या सर्वांना असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

यंत्राची पूर्वपीठिका

यंत्राला आधी लिहून ठेवलेल्या आज्ञेने चालविण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्समधील जाकार याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने मागावर नक्षी विणून दाखविली. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक कापण्याची अडचण भेडसावत होती. त्यांनी आकड्यांच्या आधारे यंत्र चालविण्याचा विचार मांडला आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेने असे पहिले यंत्र चालवून दाखविले. ते एका खोलीभर होते. पुढे २००५ साली इटलीमध्ये ‘आर्डुइनो’ नावाची स्वस्त इलेक्ट्रॉनिक पट्टी तयार झाली आणि २००९ साली नॉर्वेतील एका तंत्रज्ञाने त्या पट्टीवर चालणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली विनामूल्य सर्वांस खुली केली. या दोन गोष्टींमुळे खोलीभर असलेले यंत्र टेबलावर येऊन बसले.

रचना आणि कार्य

या यंत्राला तीन दिशा असतात : डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली. त्यांना अनुक्रमे एक्स, वाय आणि झेड म्हणतात. शाळेत आलेख काढताना विद्यार्थी ज्या अक्षांवर बिंदू मांडतात, तेच हे अक्ष. प्रत्येक दिशेला एक ‘स्टेपर’ मोटार असते. ही मोटार साध्या पंख्याच्या मोटारीप्रमाणे सलग फिरत नाही. ती पावले टाकीत फिरते. एका फेऱ्यात ती २०० पावले टाकते. नियंत्रक प्रत्येक पावलाचे आणखी आठ भाग करू शकतो, म्हणजे एका फेऱ्यात १,६०० पावले झाली. मोटारीला जोडलेला आट्यांचा दांडा एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका मिलिमीटरला २०० पावले पडतात. कागदावरील हा हिशेब फार सूक्ष्म दिसतो. प्रत्यक्षात चौकटीचे वाकणे, दांड्याच्या आट्यांतील ढिलेपणा आणि लाकडाचा स्वभाव यांमुळे तितकी अचूकता मिळत नाही. तरीही दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या आत काम आले, तरी सुतारकामास ते पुरेसे असते.

या तीन दिशांनी फिरणाऱ्या डोक्यात वेगाने फिरणारे धारदार बिट बसविलेले असते. ते लाकूड कोरीत जाते. कोठे जायचे, किती खोल जायचे व किती वेगाने जायचे हे संगणक एकेका ओळीत सांगतो. उदाहरणार्थ, ‘जी १ एक्स ५० वाय २० एफ ८००’ या ओळीचा अर्थ असा : सरळ रेषेत, आरंभबिंदूपासून उजवीकडे ५० व पुढे २० मिलिमीटर असलेल्या ठिकाणी, मिनिटाला ८०० मिलिमीटर या वेगाने जा. या भाषेला ‘जी-कोड’ म्हणतात. ती शिकण्यास इंग्रजीचे मोठे ज्ञान लागत नाही. आलेखाचे ज्ञान मात्र पक्के हवे.

वेग ठरविण्याचे सूत्र साधे आहे. बिटाचे मिनिटाला होणारे फेरे, त्याच्या धारांची संख्या आणि प्रत्येक धारेने काढावयाच्या कणाची जाडी यांचा गुणाकार म्हणजे पुढे सरकण्याचा वेग. १०,००० फेरे, २ धारा आणि ०.०४ मिलिमीटरचा कण घेतला, तर वेग मिनिटाला ८०० मिलिमीटर येतो. वेग फार कमी ठेवला तर काम चांगले होईल, असा नवशिक्याचा समज असतो. तो चुकीचा आहे. बिट एकाच ठिकाणी घासत राहिले म्हणजे भुशाऐवजी बारीक पीठ निघते, लाकूड काळे पडते, धार जाते आणि प्रसंगी धूरही निघतो. यंत्रातून पीठ न निघता कण निघाले पाहिजेत, ही खूण लक्षात ठेवावी.

एक उदाहरण : शाळेसाठी लाकडी अक्षरे

आपल्या सीमाभागातील मुलांच्या कानांवर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा पडतात आणि शाळेतही दोन्ही लिप्यांशी त्यांची गाठ पडते. बोट फिरवून आकार ओळखता येतील अशी दोन्ही लिप्यांची लाकडी अक्षरे पहिलीच्या वर्गात असली, तर शिक्षकांना त्यांचा फार उपयोग होईल. हे काम घरगुती यंत्राच्या आवाक्यातील आहे. म्हणून तेच उदाहरणादाखल घेऊ.

मराठीची १२ स्वर व ३६ व्यंजने मिळून ४८ अक्षरे करावयाची आहेत. प्रत्येक अक्षर ६० मिलिमीटर उंच आणि प्लाय ६ मिलिमीटर जाडीचा आहे. लहान यंत्राचा पाट साधारणतः ३०० बाय १८० मिलिमीटरचा असतो. अक्षरांमध्ये अंतर सोडले, तर त्यावर एका वेळी आठ अक्षरे बसतात. म्हणजे सहा तुकडे प्लाय लागतील.

बिट ३.१७५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे इंचाच्या एक अष्टमांश जाडीचे घेऊ. लहान यंत्रावर एका वेळी बिटाच्या निम्म्या व्यासाहून खोल जाऊ नये, हा सुरक्षित नियम आहे. त्यामुळे आपल्याला साधारण दीड मिलिमीटरच्या चार फेऱ्या कराव्या लागतील. शेवटची फेरी प्लायच्या किंचित खाली, दोन दशांश मिलिमीटर, जाईल. म्हणून खाली एक रद्दी फळा टाकून ठेवावा. एका अक्षराची कड सुमारे ४०० मिलिमीटर धरली, तर चार फेऱ्यांचे १,६०० मिलिमीटर झाले आणि मिनिटाला ८०० या वेगाने त्यास दोन मिनिटे लागली. ४८ अक्षरांना ९६ मिनिटे.

येथेच हिशेब संपला असे समजणारा माणूस पुढे फसतो. सहा वेळा प्लाय बदलून घट्ट बसविण्यास प्रत्येकी दहा मिनिटे धरली, तर एक तास गेला. प्रत्येक अक्षराच्या कडा पॉलिश पेपरने घासून बोचणार नाहीत अशा करण्यास तीन मिनिटे धरली, तर १४४ मिनिटे झाली. एकूण पाच तास. त्यांपैकी यंत्राचे काम दीड तासाहून थोडे अधिक आणि माणसाच्या हातांचे जवळजवळ साडेतीन तास! यंत्र आले म्हणजे हात रिकामे झाले, ही समजूत या साध्या हिशेबापुढे टिकत नाही.

लिपीचे आणि लाकडाचे स्वभाव

बिट गोल असते. त्यामुळे बाहेरचा कोपरा ते टोकदार कापू शकते, परंतु आतला कोपरा कधीच पूर्ण काटकोनी होत नाही. तेथे बिटाच्या त्रिज्येएवढी, म्हणजे येथे सुमारे १.६ मिलिमीटरची गोलाई राहते. कन्नड लिपी वळणदार असल्यामुळे तिला ही गोलाई फारशी बाधत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषा आणि उभा दंड जेथे मिळतात, तेथे ती डोळ्यांना दिसते. कोणास ती खटकत असेल, तर तेवढा कोपरा पटाशीने साफ करावा. कूस आणि खाच यांच्या सांध्यातही हीच अडचण येते. खाचेचे कोपरे गोल राहिले की चौकोनी कूस आत बसत नाही. एक तर पटाशीने कोपरा काढावा, नाही तर कोपऱ्यात बिट थोडे अधिक आत नेऊन जागा करून ठेवावी.

‘व’ किंवा ‘ब’ यांच्या पोटातील भाग आधी कापून घ्यावा आणि बाहेरची कड शेवटी कापावी. बाहेरची कड आधी सुटली, तर अक्षर हलते आणि बिट त्यावर आदळते. कड कापतानाही दोन-तीन ठिकाणी लहान जोड शिल्लक ठेवावेत आणि ते मागाहून कापावेत. अक्षराची रेघ निदान प्लायच्या जाडीएवढी रुंद असावी; नाही तर ‘क्ष’सारख्या अक्षराचा बारीक भाग मुलांच्या हाती पहिल्याच दिवशी मोडेल. ‘अं’वरील अनुस्वार आणि ‘अः’चा विसर्ग हे सुटे ठिपके होतात. लहान मुले असे तुकडे तोंडात घालतात, म्हणून ही दोन अक्षरे सुटी न कापता एका पाटीवर कोरावीत. ही काळजी संगणक घेत नाही. ती शिक्षकाने व सुतारानेच घ्यावयाची असते.

लाकूड हे हवेतील ओलाव्याबरोबर फुगते व आकसते. खानापूरच्या पावसात हे कोणास सांगावयास नको. तेथील दारे श्रावणात अडकतात आणि वैशाखात सैल होतात. एप्रिलमध्ये अगदी घट्ट कापलेला सांधा जुलैत बसणार नाही. म्हणून सांध्यात एक-दोन दशांश मिलिमीटरची मोकळीक ठेवावी. बाजारात ६ मिलिमीटरचा म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा त्याहून पातळ असतो. तेव्हा छापील जाडीवर विसंबू नये, व्हर्नियरने मोजून मगच आकडा घालावा.

वीज गेली तर

ग्रामीण भागातील वाचकांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो विजेचा. या यंत्राला आपण कोठे आहोत हे दिसत नाही. ते केवळ टाकलेली पावले मोजीत असते. वीज गेली की ही मोजणी पुसली जाते आणि वीज आल्यावर यंत्र जेथे थांबले असेल त्या जागेलाच आरंभबिंदू समजते. अशा वेळी तसेच काम पुढे चालू केले, तर सगळे लाकूड वाया जाते. यावर उपाय दोन. पहिला, पाटाच्या एका कोपऱ्यात पक्की खूण करून तेथूनच आरंभबिंदू धरावा, म्हणजे पुन्हा तेथे परत जाता येते. दुसरा, यंत्राच्या टोकांना स्पर्शाने चालणारे स्विच बसवावेत, म्हणजे ते आपला कोपरा स्वतः शोधून काढते.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. अनेक यंत्रांत बिट फिरविणाऱ्या मोटारीचे बटण स्वतंत्र असते. वीज गेल्यावर ते चालूच राहिले आणि माणूस हाताने लाकूड काढू लागला, तर वीज येताच बिट अचानक फिरू लागते. म्हणून वीज जाताच सर्वप्रथम हे बटण बंद करावे, मगच यंत्राकडे हात न्यावा. हा नियम घरातील प्रत्येकास माहीत असला पाहिजे.

आरोग्य आणि सुरक्षितता

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतील धुरळा काय करतो, हे तेथील कामगारांना सांगावे लागत नाही. लाकडाचा बारीक धुरळाही तितकाच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुरळ्याचा समावेश मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आहे. एमडीएफच्या भुशात तर डिंकाचे रसायनही मिसळलेले असते. तेव्हा हे यंत्र स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये. पडवी किंवा स्वतंत्र छप्पर असावे, भुसा ओढून घेणारा पंप लावावा आणि नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा. केवळ पंचा गुंडाळल्याने बारीक कण अडत नाहीत.

डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावेत. सैल बाह्या, पदर, ओढणी आणि मोकळे केस यंत्राजवळ येऊ देऊ नयेत. हातमोजे घालण्याचा मोहही टाळावा, कारण फिरणारे बिट मोज्यासह बोट ओढून घेते. यंत्र चालू ठेवून जेवावयास किंवा शेताकडे जाऊ नये. बोथट बिटाने तापलेला भुसा पेट घेऊ शकतो. म्हणून वाळूची बादली जवळ असावी.

कारागिरांचे काय?

यंत्रामुळे कारागीर बेकार होतील काय, हा प्रश्न रास्त आहे. बेळगाव जिल्ह्यातच गोकाक येथे लाकडी फळे व खेळणी करण्याची जुनी परंपरा आहे. आंबोली घाट उतरून गेले की सावंतवाडीच्या चितारआळीत तशीच कला दिसते. गोकाकचा आंबा पाहून पाहुणा तो उचलून हुंगतो, ते त्याच्या आकारामुळे जितके, तितकेच त्यावरील रंगाच्या छटांमुळे. ही छटा कोणत्याही जी-कोडने उमटत नाही. दक्षिणेस चन्नपट्टणच्या कातारी कारागिरांनी हाताने ओढण्याचे कातयंत्र सोडून विजेवरचे घेतले. तरी लाखेच्या रंगाची झळाळी त्यांच्या हातातच राहिली. यंत्राने ओबडधोबड आकार काढून द्यावा आणि माणसाने त्यात जीव ओतावा, अशी वाटणी होऊ शकते.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचे काम केवळ एकाच आकाराच्या शंभर पट्ट्या कापण्याचे आहे, त्याच्या मजुरीवर या यंत्राचा परिणाम होईलच. अशा कारागिराने यंत्राकडे पाठ फिरविण्याऐवजी ते चालविण्यास शिकणे, हाच त्याच्या हिताचा मार्ग होय. लाकडाची नस, गाठ आणि ओलावा ज्याला कळतो, तोच या यंत्राचा उत्तम चालक होऊ शकतो. संगणक शिकलेल्या मुलाला हे ज्ञान वडिलांकडूनच घ्यावे लागेल. एका घरात मुलगा आराखडा काढतो व वडील लाकूड निवडतात, असे घडले तर गाव सोडण्याची निकडही काही अंशी कमी होईल.

मागणीची क्षेत्रे नसली तर हे बोलणे व्यर्थ ठरेल; पण ती आहेत. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून गणेशोत्सवात लाकडी व प्लायच्या मखरांना मागणी वाढली. सुटे करून पुढच्या वर्षासाठी ठेवता येणारे मखर, घराच्या नावाची पाटी, देव्हाऱ्याची जाळी, शाळेची साधने आणि ओतकामासाठी लहान पॅटर्न ही कामे घरगुती यंत्रावर होतात. पलंग, दारे आणि मोठे पॅटर्न मात्र त्याच्या शक्तीबाहेरचे आहेत, हे आधीच ओळखावे.

कर्ज काढण्यापूर्वी

केंद्र शासनाची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत सुतार तसेच बाहुल्या व खेळणी करणारे यांचा अठरा व्यवसायांत समावेश आहे. हाताने व अवजारांनी काम करणाऱ्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या कारागिरास, कुटुंबातून एकास, नोंदणी करता येते. प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रूपरेषा आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रातून होते व ग्रामपंचायत स्तरावर तिची पडताळणी केली जाते.

पहिले १ लाखाचे कर्ज १८ महिन्यांत फेडावयाचे असते. समान मासिक हप्ता धरला, तर तो सुमारे ५,८०० रुपये येतो. यंत्र घेण्यापूर्वी सुताराने एक कागद घेऊन लिहावे : महिन्यास किती कामे निश्चित मिळतील, लाकूड, बिट व वीज यांचा खर्च किती, स्वतःची मजुरी किती, आणि त्यातून हप्ता निघतो काय? ‘काम येईल’ या आशेला या कागदावर जागा नाही. ज्याने काम देण्याचे कबूल केले आहे, त्याचेच नाव लिहावे. हिशेब जमत नसेल, तर दोन-तीन सुतारांनी किंवा एखाद्या बचतगटाने मिळून एकच यंत्र घ्यावे. प्रथम कोणाच्या तरी यंत्रावर दहा-पंधरा कामे करून पाहिल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नये.

खेळणी विकावयाची असल्यास आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह आवश्यक झाले आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सवलत देण्यात आली. तेव्हा आपण त्या सवलतीत बसतो की नाही, हे आधी विचारून घ्यावे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाणही दशलक्षात ९० भागांहून अधिक असता कामा नये. म्हणून डब्यावरील मजकूर वाचूनच रंग घ्यावा.

शिक्षक व अधिकारी यांचे कार्य

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा ज्या शाळांत आहेत, तेथील त्रिमितीय छपाईयंत्र याच एक्स-वाय-झेडच्या भाषेत चालते. तेथे शिकलेल्या मुलास राऊटर परका वाटणार नाही. शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्राची शाखा बेळगावात आहे. गावातील सुताराला एकदा तेथवर नेऊन यंत्र दाखविणे, हे काम ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक सहज करू शकतील. शाळेला अक्षरे, नकाशे किंवा मणिचौकटी हव्या असतील, तर त्या शहरातून मागविण्याऐवजी गावच्या सुताराकडून घ्याव्यात. त्याच्या वहीतील पहिले निश्चित काम तेच ठरेल.

पटाशीचे महत्त्व या यंत्राने कमी होत नाही. चार फेऱ्यांनंतर यंत्र थांबते, भुसा झाडला जातो आणि अक्षर प्लायमधून सुटून हाती येते, तेव्हा त्याचा तो एक कोपरा अजून गोलच असतो. तो काटकोनी करण्यासाठी सुतार पटाशी हाती घेतो. त्याच्या हाती ती पटाशी आणि त्याच्या घरात दोन वेळची भाकर राहील अशा बेताने हे यंत्र गावात यावे, यातच सर्वांचे हित आहे.